मॉलेक्युलर मॅग्नेटचा क्रिस्टल कसा वाचायचा: सीआयएफ फाइलपासून स्क्विडपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली एमएस्सी केमिस्ट्रीची पोरं नाहीतर नुकती पीएचडीला लागलेली मंडळी हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारायलेत. अक्का, कॉम्प्लेक्स पेपरात दिलाय तसाच केला, आयआर जुळला, एलिमेंटल ॲनालिसिस बऱ्यापैकी जुळलं, मग मॅग्नेटिक डेटा का जुळंना? बहुतेक वेळा कारण एकच निघतं, रेणू बघितलेला असतो पण क्रिस्टल बघितलेला नसतो. रेणू कागदावर एकटा काढलेला असतो, स्क्विडमध्ये (चुंबकत्व मोजायच्या मशिनमध्ये) जातो तेव्हा मात्र तो शेजाऱ्यांच्या मधे, सॉल्व्हंटला धरून, एका ठरावीक दिशेला तोंड करून बसलेला असतो आणि या प्रत्येक गोष्टीचा त्याच्या चुंबकत्वावर परिणाम होतो. हे सगळं इंग्रजीत भरपूर लिहिलंय, पण मराठी मिडीयममधनं आलेल्या पोरांना क्रमानं, हात धरून सांगणारं काही मिळत नाही म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. क्रम महत्त्वाचा आहे, आधी धातू, मग ब्रिज (दोन धातूंना जोडणारा अणू), मग अक्षांची दिशा, मग शेजारी, मग सॉल्व्हंट. उलट्या क्रमानं गेलात तर गोंधळ होतो.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं जा. मॉलेक्युलर मॅग्नेट, म्हणजे रेणूंपासनं बनलेला चुंबक, म्हटलं की पहिलं नाव येतं मँगनीज-१२ ॲसिटेटचं. पोलंडच्या लिस यांनी १९८० मध्येच त्याची रचना छापली होती, पण १९९३ मध्ये सेसोली, गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा एकेक रेणू स्वतंत्रपणे चुंबकासारखा वागतो, २ केल्विनला मॅग्नेटाइझ केला की ते मॅग्नेटायझेशन उतरायला महिने लागतात. बाहेरच्या कड्यातले ८ मँगनीज-थ्री, प्रत्येकाचा स्पिन २, म्हणजे १६, आणि आतले ४ मँगनीज-फोर, प्रत्येकाचा ३/२, ते उलट दिशेला म्हणजे वजा ६, एकूण स्पिन १०. हा स्पिन वर-खाली उलटायला मधे एक बॅरिअर असतो आणि तो साधारण डी (चिन्ह सोडून) गुणिले एसचा (एकूण स्पिनचा) वर्ग इतका येतो. डी म्हणजे अनायसोट्रॉपी (स्पिनचा ठरावीक दिशेला राहायचा कल), मँगनीज-१२ साठी ती वजा ०.४६ सेंटीमीटर इन्व्हर्सच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास, म्हणजे बॅरिअर ४६ सेंटीमीटर इन्व्हर्स, केल्विनमध्ये साधारण ६६ (१ सेंटीमीटर इन्व्हर्स म्हणजे १.४४ केल्विन, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा). एस बऱ्याच अंशी केमिस्ट ठरवतो, पण डी आणि त्याच्यासोबत येणारी बाकीची भानगड क्रिस्टल ठरवतो.

पायरी ० : सामान

लॅपटॉप कुठलाही चालतो. सीसीडीसीचं (क्रिस्टल रचना साठवणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेचं) मर्क्युरी सॉफ्टवेअर घ्या, मोफत आवृत्ती पुरते. सीआयएफ फाइल (क्रिस्टलची रचना लिहिलेली फाइल) सीसीडीसीच्या साइटवर पेपरातला डिपॉझिट नंबर टाकून फुकट मिळते, आणि क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस तर सगळाच मोफत आहे. कॉलेजला महागडी सबस्क्रिप्शन नाही म्हणून अडलं असं या कामात तरी होत नाही.

पायरी १ : चित्र बघायच्या आधी फाइल वाचा

सीआयएफ ही साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. मर्क्युरीत रंगीत चित्र फिरवत बसायच्या आधी ती एकदा वरनं खालपर्यंत वाचा असा माझा आग्रह आहे. चार गोष्टी वहीत लिहा.

एक, मोजणीचं तापमान. रचना बहुधा १०० किंवा १५० केल्विनला घेतलेली असते, कधी रूम टेंपरेचरला, आणि तुमचा मॅग्नेटिक डेटा असतो २ केल्विनपासून. मधे फेज बदलली तर तुम्ही एका क्रिस्टलची रचना आणि दुसऱ्याच क्रिस्टलचं चुंबकत्व जोडायला बसलाय.

दोन, स्पेस ग्रुप (क्रिस्टलची सिमेट्री) आणि झेड (क्रिस्टलमध्ये परत परत येणाऱ्या एका ठोकळ्यात किती रेणू आहेत तो आकडा). पी-टू-वन-बाय-सी मध्ये झेड ४ असेल तर एक अख्खा रेणू जनरल पोझिशनवर (सिमेट्रीच्या कुठल्याच अक्षावर किंवा बिंदूवर नसलेल्या जागी) आहे. झेड २ असेल तर रेणूच्या मधोमध इन्व्हर्जन सेंटर आहे, म्हणजे दोन डिस्प्रोसियमचा रेणू असला तर ते दोन्ही सिमेट्रीनं एकसारखे आणि त्यांचे अक्ष समांतर, हे एका आकड्यावरनं कळतं. झेड ८ दिसला तर बहुतेक करून दोन वेगवेगळे रेणू एकाच क्रिस्टलमध्ये आहेत आणि एसी ससेप्टिबिलिटीत (उलटसुलट होणाऱ्या फील्डमधल्या मोजणीत) दोन शिखरं आली तर आधी संशय इथं घ्यायचा, सॅम्पल अशुद्ध आहे म्हणून रडत बसायचं नाही.

तीन, डिसऑर्डर. एखादा गट दोन जागी अर्धा-अर्धा दाखवलाय का ते बघा. चार, सॉल्व्हंट मास्क किंवा स्क्वीझ वापरलाय का. वापरला असेल तर याचा अर्थ क्रिस्टलोग्राफरला आतला सॉल्व्हंट नीट ठरवता आला नाही, म्हणजे तुमचा रेणूभारही नक्की नाही. हे पुढं सहाव्या पायरीत महागात पडतं.

पायरी २ : धातूभोवतीचे बाँड मोजा

मर्क्युरीत धातूवर जाऊन एकेक बाँड मोजा आणि वहीत उतरवा. मँगनीज-थ्री असेल तर सहापैकी दोन समोरासमोरचे बाँड लांब निघतील, साधारण २.१ ते २.३ अँगस्ट्रॉम, आणि बाकीचे चार १.९ च्या आसपास. हा जान-टेलर परिणाम. ती लांब बाँडची रेघ म्हणजे त्या आयनचा चुंबकीय अक्ष आणि रेघ लांबलेली असली तर डी वजा येतो, जो आपल्याला हवा असतो. उलट दोन बाँड आखूड आणि चार लांब निघाले तर डी अधिक येतो आणि बॅरिअर बनत नाही. मँगनीज-फोरचे सहाही बाँड आखूड आणि जवळपास सारखे असतात, म्हणून तो अनायसोट्रॉपीत फार हातभार लावत नाही. कुठला मँगनीज कुठल्या ऑक्सिडेशन स्टेटचा याबद्दल शंका असली तर बाँड व्हॅलन्स सम (बाँडच्या लांबीवरनं धातूचा चार्ज काढायचा हिशोब) काढा, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

आता मोठा स्पिन म्हणजे मोठा मॅग्नेट असं समजणाऱ्यांसाठी मँगनीज-१९ चं उदाहरण. २००६ मध्ये छापलेल्या त्या रेणूचा स्पिन ८३/२ आहे, मँगनीज-१२ च्या चौपटीहून जास्त, तरी एकूण अनायसोट्रॉपी इतकी थोडी की बॅरिअर जवळजवळ नाहीच. म्हणून सगळे जान-टेलर अक्ष एकाच चित्रात काढून बघायचे. ते समांतर असले तर एकमेकांत मिळतात, चहूकडं तोंड करून असले तर एकमेकांना खाऊन टाकतात.

लँथनाइड असेल तर विचार वेगळा. डिस्प्रोसियम-थ्री आणि टर्बियम-थ्रीचा इलेक्ट्रॉन ढग चपटा असतो, म्हणून ऋण चार्जवाले लिगँड (धातूला जोडलेले गट) वर आणि खाली हवेत आणि मधल्या पट्ट्यात शक्यतो काहीच नको. अर्बियम-थ्रीचा ढग उभट, त्याला लिगँड मधल्या पट्ट्यात हवेत. याचा सगळ्यात सुंदर पुरावा डिस्प्रोसियम मेटॅलोसीनमध्ये मिळतो. २०१७ मध्ये आलेल्या रेणूत दोन सायक्लोपेंटाडायनिल रिंगांमधला कोन १५३ अंशाच्या आसपास होता आणि हिस्टेरिसिस (फील्ड काढलं तरी मॅग्नेटायझेशन मागं राहणं) ६० केल्विनपर्यंत टिकला. २०१८ मध्ये लेफील्ड आणि सहकाऱ्यांनी रिंगांवरचे गट बदलून तो कोन १६२.५ अंशापर्यंत उघडला, रिंगा धातूच्या जवळही आणल्या, बॅरिअर १५४१ सेंटीमीटर इन्व्हर्स झाला आणि हिस्टेरिसिस ८० केल्विनला गेला, म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या वर. नऊ-दहा अंशांचा कोन आणि अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या हिश्शातले फरक, एवढ्यावर हे सगळं घडलं. २०२५ मध्ये अमाइड आणि अल्कीन जोडलेल्या एका डिस्प्रोसियम रेणूनं १०० केल्विनही गाठलं. म्हणून तुमच्या डिस्प्रोसियमच्या वहीत दोन आकडे आलेच पाहिजेत, वरच्या-खालच्या लिगँडमधला कोन आणि मधल्या पट्ट्यातल्या सगळ्यात जवळच्या अणूचं अंतर.

आठ किंवा नऊ कोऑर्डिनेशन असलं (धातूला तेवढे अणू जोडलेले असले) तर डोळ्यांनी आकार ठरवू नका, शेप नावाचा प्रोग्रॅम चालवा. तो आदर्श आकारापासनं किती लांब आहात ते सांगतो, ० म्हणजे तंतोतंत, १ च्या खाली म्हणजे बऱ्यापैकी जवळ. इशिकावा यांनी २००३ मध्ये टर्बियम डबल-डेकर थॅलोसायनिन दाखवला तेव्हापासनं स्क्वेअर अँटीप्रिझमला इतकं महत्त्व आलंय, तिथं वरच्या-खालच्या चौकोनांमधलं वळण आदर्श म्हणजे ४५ अंश असतं. ते वळण बिघडलं की टनेलिंगला (बॅरिअर न चढता स्पिन आरपार उलटायला) वाट मिळते, आणि टर्बियमसारख्या पूर्ण स्पिनच्या आयनला ही सिमेट्री जास्त कडक लागते.

पायरी ३ : ब्रिजचा कोन

एकापेक्षा जास्त धातू असले तर त्यांच्या मधल्या अणूवरचा कोन मोजा. हैड्रॉक्साइडनं जोडलेल्या दोन कॉपरच्या रेणूंवर हॅटफिल्ड आणि हॉजसन यांनी १९७६ च्या सुमाराला एक सरळ रेघ दाखवली, कॉपर-ऑक्सिजन-कॉपर कोन ९७.५ अंशाच्या खाली असला तर फेरोमॅग्नेटिक (स्पिन एकाच दिशेला), वर गेला तर अँटिफेरोमॅग्नेटिक (स्पिन उलट दिशेला). रेघ इतकी तिखट की एका अंशाला सिंगलेट-ट्रिपलेट (स्पिन उलटे आणि स्पिन समांतर या दोन अवस्थांमधलं) अंतर साधारण ७५ सेंटीमीटर इन्व्हर्सनी बदलतं. आणि कोन एका अंशानं इकडं-तिकडं व्हायला शेजारचा काउंटर आयन बदलला तरी पुरतं. सॅलिसायलडॉक्झाइमच्या मँगनीज-६ रेणूंमध्ये असाच हिशोब मँगनीज-नायट्रोजन-ऑक्सिजन-मँगनीज या टॉर्शनचा (चार अणूंच्या साखळीतल्या पिळाचा) आहे. साधारण ३१ अंशांच्या पुढं पीळ गेला की जोडणी फेरोमॅग्नेटिक होते आणि एकूण स्पिन ४ वरनं १२ वर जातो. ब्रेचिन यांच्या गटानं लिगँडवर जाडजूड गट लावून मुद्दाम हा पीळ वाढवला आणि २००७ मध्ये बॅरिअर ८६ केल्विनवर नेला, तेव्हा मँगनीज-१२ चा जुना विक्रम मोडला.

ही पायरी आपल्या कॉलेज लॅबमध्ये स्वतःच्या हातानं करून बघता येते, आणि मी प्रत्येकाला करायला लावते. स्क्विड लागत नाही, गौय बॅलन्स (चुंबकीय फील्डमध्ये वजन किती बदललं ते मोजणारा तराजू) पुरतो. कॉपर कार्बोनेट कोमट डायल्यूट ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवा, गाळा, बीकरवर भोकं पाडलेला फिल्टर पेपर ठेवून शांत कोपऱ्यात ठेवा, गडद हिरवट-निळे क्रिस्टल येतील, ते कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट. सोबत मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट घ्या. दोन्ही बारीक वाटून गौय बॅलन्सवर मोजा, दोन्हीत कॉपर-टू, दोन्हीत एकच एकटा इलेक्ट्रॉन. मोरचुदाचा मोमेंट १.९ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास येतो आणि कॉपर ॲसिटेटचा १.४ च्या आसपास. नळी ठासून भरली नाही तर आकडा चुकतो, तेवढं सांभाळा.

हा फरक कुठनं आला? मर्क्युरीत कॉपर ॲसिटेट उघडा. दोन कॉपर २.६ अँगस्ट्रॉमवर समोरासमोर, भोवती चार ॲसिटेट चाकाच्या पात्यांसारखे, आणि दोन्ही टोकांना एकेक पाणी. ॲसिटेटमधनं दोन्ही इलेक्ट्रॉन एकमेकांशी उलटे जुळतात, सिंगलेट खाली आणि ट्रिपलेट सुमारे ३०० सेंटीमीटर इन्व्हर्स वर, म्हणून रूम टेंपरेचरलाच बरेचसे रेणू नॉनमॅग्नेटिक होऊन बसलेत. गंमत म्हणजे ब्लीनी आणि बॉवर्स यांनी १९५२ मध्ये ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) स्पेक्ट्रावरनं हे कॉपर जोडीनं असणार असं सांगितलं होतं आणि एक्स-रेनं रचना छापली गेली १९५३ मध्ये. चुंबकत्वावरनं रचना ओळखली, इतका या दोघांचा संबंध घट्ट आहे.

पायरी ४ : क्रिस्टलमध्ये रेणू कुठल्या दिशेला बघायलेत

ही पायरी पोरं सगळ्यात जास्त वेळा गाळतात, आणि सिंगल क्रिस्टलवर मोजायचं असेल तर हीच सगळ्यात कामाची. मर्क्युरीत पॅकिंग चालू करा, दुसऱ्या पायरीत काढलेला चुंबकीय अक्ष, म्हणजे ईझी ॲक्सिस, प्रत्येक रेणूवर बघा, आणि मोजा किती वेगवेगळ्या दिशा दिसतात.

स्पेस ग्रुप माहीत असला की उत्तर आधीच सांगता येतं. ट्रायक्लिनिक पी-वन-बार मध्ये फक्त इन्व्हर्जन आहे, आणि अक्ष उलटा केला तरी अक्ष तोच राहतो, म्हणून असिमेट्रिक युनिटमध्ये (सिमेट्रीनं बाकीचा क्रिस्टल ज्यातनं तयार होतो त्या तुकड्यात) एकच रेणू असेल तर क्रिस्टलमधले सगळे अक्ष समांतर. आयर्न-८ हा प्रसिद्ध रेणू असाच ट्रायक्लिनिक आहे, म्हणून त्याच्यावरचे सिंगल क्रिस्टल प्रयोग इतके स्वच्छ झाले. मोनोक्लिनिकमध्ये रेणू जनरल पोझिशनवर असला तर दोन दिशा मिळतात, अक्ष नेमका बी ॲक्सिसवर किंवा त्याला काटकोनात असला तरच एक. ऑर्थोऱ्हॉम्बिकमध्ये जनरल पोझिशनला चार दिशांपर्यंत. टेट्रॅगोनलमध्ये रेणू चौपदरी अक्षावर बसला असेल तर परत सगळे समांतर, मँगनीज-१२ ॲसिटेट आय-फोर-बार मध्ये तसाच बसतो, सगळ्यांचे ईझी ॲक्सिस सी ॲक्सिसच्या दिशेला. १९९६ मध्ये हिस्टेरिसिस लूपवर टनेलिंगच्या पायऱ्या दिसल्या त्या अशा एका दिशेला लावलेल्या क्रिस्टलांवरच.

दोन दिशा असलेल्या क्रिस्टलवर फील्ड एका अक्षाच्या दिशेनं लावलं तर दुसऱ्या गटाच्या रेणूंना ते तिरकं लागतं. मग लूपवर पायऱ्या दुप्पट दिसतात आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या फील्डला. दिशा आधी मोजल्या नसतील तर हा डेटा समजावणं केवळ अशक्य.

एकेका क्रिस्टलची चुंबकीय दिशा मोजायचं काम आपल्या देशात फार जुनं आहे. के. एस. कृष्णन यांनी १९३० च्या दशकात ढाका आणि कलकत्त्याला बारीक धाग्यावर क्रिस्टल टांगून, चुंबकीय क्षेत्रात तो कसा वळतो ते बघून त्याची अनायसोट्रॉपी काढली होती, आणि त्यावरनं आत रेणू कसे कलले असतील याचा अंदाज बांधला होता. हे वाचून मला दरवेळी अभिमान वाटतो, साध्या सामानावर इतकं खोल काम झालंय.

पायरी ५ : शेजारी

मर्क्युरीत खाली शॉर्ट काँटॅक्ट आणि एच-बाँड असे दोन चौकोन आहेत, त्यावर टिक करा. मग एका रेणूच्या धातूपासनं शेजारच्या रेणूच्या धातूपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर मोजा, आणि ते अंतर ईझी ॲक्सिसच्या दिशेनं आहे की आडवं तेही लिहा.

का ते आकड्यांत बघूया. डिस्प्रोसियमचा मोमेंट साधारण १० बोर मॅग्नेटॉन धरला तर अक्षाच्या दिशेनं १० अँगस्ट्रॉमवर तो सुमारे १८५ गॉसचं फील्ड टाकतो. ७ अँगस्ट्रॉमवर तेच ५४० गॉसच्या आसपास होतं, कारण अंतराचा घन लागतो. आडव्या शेजाऱ्याला याच्या निम्मं लागतं आणि तेही उलट्या दिशेला. म्हणजे एकाखाली एक रचलेले रेणू एकमेकांना त्याच दिशेला धरतात आणि शेजारी-शेजारी उभे असलेले एकमेकांना उलटवतात. या फील्डचा अक्षाला काटकोनात येणारा भाग टनेलिंग सुरू करतो, आणि शून्य फील्डला लूप मधे चिमटल्यासारखा दिसतो तो कित्येकदा यामुळंच.

चुंबकीय डायपोलशिवाय हायड्रोजन बाँडमधनंही जोडणी होते. व्हेर्न्सडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मँगनीज-४ च्या जोडीवर हे दाखवलं. आर-थ्री-बार मध्ये दोन रेणू तोंडाला तोंड लावून बसलेत, मधे सहा कार्बन-हायड्रोजन-क्लोरीन असे कमकुवत बाँड, जोडणी जेमतेम ०.१ केल्विनची. तेवढ्यावर शून्य फील्डची टनेलिंगची पायरी गायब झाली. म्हणून असले काँटॅक्ट कमकुवत आहेत म्हणून सोडून द्यायचे नाहीत, मॅग्नेटिझममध्ये ०.१ केल्विन म्हणजे मोठी रक्कम असते.

सेंद्रिय मॅग्नेटमध्ये तर शेजारी हेच सर्वस्व. पॅरा-नायट्रोफिनाइल नायट्रोनिल नायट्रॉक्साइड, धातूचा एक अणू नाही, १९९१ मध्ये त्याचा बीटा प्रकार ०.६ केल्विनच्या खाली फेरोमॅग्नेट होतो हे दाखवलं गेलं आणि तो पहिला शुद्ध सेंद्रिय फेरोमॅग्नेट ठरला. बीटा प्रकार म्हणजे ऑर्थोऱ्हॉम्बिक, एफ-डी-डी-टू. हाच रेणू ट्रायक्लिनिक गॅमा प्रकारात आला की जवळपास त्याच तापमानाला अँटिफेरोमॅग्नेटिक होतो. शहापूर-वडगावच्या मागावर धागा तोच असतो पण वीण बदलली की साडीचा पोत बदलतो, तसं हे, रेणूला हात न लावता नुसतं रचून बघायचं. त्यामुळं कुठल्या सॉल्व्हंटमधनं, किती हळू, कुठल्या तापमानाला क्रिस्टल वाढवला हे वहीत लिहिलं नसेल तर तो प्रयोग परत करता येणार नाही.

पायरी ६ : सॉल्व्हंट, आणि आपलं हवामान

मँगनीज-१२ ॲसिटेटच्या क्रिस्टलमध्ये ॲसिटिक ॲसिडचे मोकळे रेणू असतात, ते हायड्रोजन बाँडनं रेणूला धरतात पण चार जागांपैकी कुठल्या जागी धरतील ते ठरलेलं नसतं. कॉर्निया आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की यामुळं वरवर चौपदरी दिसणाऱ्या क्रिस्टलमध्ये प्रत्यक्षात सहा प्रकारचे रेणू आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची सिमेट्री मोडलेली आहे. सिमेट्रीनं मनाई केलेलं टनेलिंग प्रयोगात दिसत होतं, त्याचं बरंचसं उत्तर इथं सापडलं. आणखी एक, मँगनीज-१२ च्या काही क्रिस्टलांत एक जान-टेलर अक्ष भलत्याच दिशेला वळलेला असतो, मग बॅरिअर जवळजवळ निम्मा होतो आणि एसी शिखर ६-७ केल्विनच्या ऐवजी २-३ केल्विनला येतं. पॅरा-मिथाइलबेंझोएटच्या मँगनीज-१२ मध्ये नुसता आतला सॉल्व्हंट बदलल्यावर हा फरक पडला.

आता व्यवहाराचं. समजा तुमचा रेणूभार १००० आहे, त्यात दोन मेथेनॉल धरलेत, म्हणजे ६४. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत क्रिस्टल उघडे राहिले, मेथेनॉल उडालं, खरा रेणूभार ९३६ झाला आणि तुम्ही हिशोब १००० नं केला. एका डिस्प्रोसियमचा काय-एम-टी (एका मोलची ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान) १४.१७ यायला पाहिजे तो १५.१ दिसतो. मग फेरोमॅग्नेटिक जोडणी म्हणून आनंद होतो, आणि ती नसतेच. जून ते सप्टेंबर उलटं, आपल्याकडं खानापूर-बेळगाव पट्ट्यात हवा इतकी ओली असते की काही कॉम्प्लेक्स पाणी ओढून घेतात, आकडा खाली येतो आणि धातूवरचा लिगँड जाऊन तिथं पाणी बसलं तर रेणूच बदलतो.

म्हणून सॉल्व्हंट असलेले क्रिस्टल सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवू नका, ते तिथं सॉल्व्हंट सोडतात. चमकदार क्रिस्टल पांढुरके, अपारदर्शक व्हायला लागले की समजा सॉल्व्हंट निसटायलाय. मदर लिकरमध्येच (ज्या द्रावणातनं क्रिस्टल वाढले त्यातच) ठेवा, वायलचं झाकण पॅराफिल्मनं गुंडाळा. इथनं बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर किंवा पुण्याला बसनं सॅम्पल न्यायचं असेल तर काठोकाठ मदर लिकर भरलेली छोटी वायल, ती उभी राहील अशा डब्यात, आणि डबा खिडकीच्या उन्हात नको. मोजायच्या जागी पोचल्यावर क्रिस्टल काढा, फिल्टर पेपरवर पटकन टिपा, लगेच वजन करून सील करा. फार नाजूक असले तर मदर लिकरसकट क्वार्ट्झ नळीत सील करून मोजतात, फक्त मग सॉल्व्हंटचा डायामॅग्नेटिक (फील्डच्या उलट जाणारा छोटासा) भाग वेगळा मोजून वजा करावा लागतो.

ज्या पावडरवर मॅग्नेटिक डेटा घेणार त्याच पावडरचा पीएक्सआरडी (पावडरचा एक्स-रे पॅटर्न) घ्या, बाजूला काढलेल्या चांगल्या क्रिस्टलांचा नको. मर्क्युरीतनं सीआयएफवरनं पॅटर्न काढता येतो, तो वर ठेवून जुळवा. सीआयएफ १०० केल्विनची आणि पावडर रूम टेंपरेचरची असेल तर काढलेली शिखरं थोडी जास्त कोनाला सरकलेली दिसतील, थंडीत क्रिस्टल आकसतो म्हणून, ते चालतं. पण एखादं जादा शिखर आलं किंवा खालच्या कोनातलं मोठं शिखर गायब झालं तर ते चालत नाही, तिथं थांबा आणि सॅम्पल परत करा. स्क्विडचा वेळ मिळायला महिने लागतात, चुकीच्या पावडरवर तो घालवू नका.

पायरी ७ : स्क्विडला पाठवताना

पावडर मोकळी ठेवलीत तर मोठ्या फील्डला अनायसोट्रॉपिक कण स्वतःच फिरतात, ईझी ॲक्सिस फील्डच्या दिशेला आणतात आणि काय-एम-टी खोटा वाढतो. आयकोसेन (मेणासारखा पदार्थ) वितळवून त्यात कण गोठवा. त्याचा वितळणबिंदू ३६-३७ अंशांच्या आसपास आहे, एप्रिलच्या दुपारी टेबलावरच मऊ पडतं, बाटली फ्रिजमध्ये ठेवा. वजनं लिहा: रिकामी कॅप्सूल, सॅम्पल, आयकोसेन, तिन्ही वेगळी.

सॅम्पलसोबत एका पानावर रेणूचं सूत्र सॉल्व्हंटसकट, रेणूभार, पास्कल कॉन्स्टंटनं (अणू आणि बाँडनिहाय ठरलेल्या आकड्यांनी) काढलेलं डायामॅग्नेटिक करेक्शन, आणि पायरी ४ व ५ मधले आकडे लिहून द्या. मशिन चालवणाऱ्या माणसाला त्यावरनं फील्ड आणि तापमानाची आखणी करता येते.

लँथनाइडवर काम असेल तर एक जादा सॅम्पल करा, इट्रियमनं पातळ केलेलं. इट्रियम-थ्री आणि डिस्प्रोसियम-थ्रीचा आकार जवळपास सारखा, आठ कोऑर्डिनेशनला १.०२ आणि १.०३ अँगस्ट्रॉम, म्हणून तो त्याच क्रिस्टलमध्ये त्याच जागी बसतो आणि त्याला स्वतःचा मोमेंट नाही. साधारण ५ टक्के डिस्प्रोसियम घाला, पण घातलेलं प्रमाण आणि क्रिस्टलमध्ये बसलेलं प्रमाण एकच असेल असं धरू नका, आयसीपीनं (धातूंचं प्रमाण मोजायच्या तंत्रानं) मोजून घ्या. पीएक्सआरडी परत बघा, तीच रचना आली पाहिजे. मग दोन्ही सॅम्पलचे हिस्टेरिसिस लूप एकाच ग्राफवर काढा. पातळ सॅम्पलचा लूप शून्य फील्डला उघडला तर टनेलिंग शेजाऱ्यांच्या फील्डमुळं होत होतं आणि पायरी ५ चे आकडे तुमच्या चर्चेत मध्यभागी यायला पाहिजेत. थोडा उघडून परत चिमटला तर डिस्प्रोसियमच्या १६१ आणि १६३ आयसोटोपच्या न्यूक्लिअर स्पिनचा हात असू शकतो. अजिबातच उघडला नाही तर शेजाऱ्यांना दोष देऊ नका, रेणूच्या स्वतःच्या आकारातच आडवी अनायसोट्रॉपी आहे, दुसऱ्या पायरीवर परत जा आणि मधल्या पट्ट्यातले बाँड नव्यानं मोजायला घ्या.